वॉल्टर ब्रेनन : कवळी लावून की कवळीशिवाय?

तिसरी_रांग
जुन्या हॉलिवूडचे प्रेमी इथे बरेच आहेत म्हणून हा धागा. विषय वॉल्टर ब्रेनन. जन्म २५ जुलै १८९४, लिन, मॅसॅच्युसेट्स. मृत्यू २१ सप्टेंबर १९७४, ऑक्सनार्ड, कॅलिफोर्निया. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर तीनदा: 'कम अँड गेट इट' (१९३६), 'केंटकी' (१९३८) आणि 'द वेस्टर्नर' (१९४०). या विभागात तीन ऑस्कर आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत. 'सार्जंट यॉर्क'साठी (१९४१) चौथे नामांकनही होते.

आणि तरीही त्याचे नाव निघाले की लोक म्हणतात, "तो बोळक्या तोंडाचा लंगडा म्हातारा ना?" माझा प्रश्न सरळ आहे. ब्रेनन आयुष्यभर एकच म्हातारा करत राहिला का? माझे मत 'हो'कडे झुकते. 'रेड रिव्हर'चा ग्रूट, 'रिओ ब्राव्हो'चा स्टंपी आणि टीव्हीवरचा आजोबा मॅककॉय एका ओळीत उभे केले तर फरक टोप्यांचाच दिसतो. पटत नसेल तर प्रसंग दाखवून सांगा, नुसते "महान होता" नको.

जुना_प्रोजेक्टर
पटत नाही. तुम्ही तिन्ही उदाहरणे एकाच जातीची घेतलीत, तिन्ही कुरकुऱ्या पण मायाळू म्हातारे. त्यांच्या शेजारी 'माय डार्लिंग क्लेमेंटाईन'मधला (१९४६) क्लॅंटन ठेवा. सविस्तर रात्री लिहितो.

गारवा
वय तर बघा! 'केंटकी'त घोड्यांवर जीव टाकणारा तो जख्ख म्हातारा केला तेव्हा ब्रेनन ४४ वर्षांचा होता. 'द वेस्टर्नर' पडद्यावर आला तेव्हा ४६. 'रेड रिव्हर' १९४६ मध्ये चित्रित झाला (प्रदर्शन १९४८), तेव्हा ५२. खऱ्या अर्थाने म्हातारा म्हणावा असा तो 'रिओ ब्राव्हो'तच (१९५९) आहे, ६४ व्या वर्षी.

रंगपेटी
गारवा, तो मुद्दा मेकअपच्या अंगाने अजून पक्का होतो.

त्या काळी तरुण नटाला म्हातारा करण्याची नेहमीची रीत अशी: कातडी बोटांनी ताणून धरायची, स्पंजाने पातळ रबराचा म्हणजे द्रव लॅटेक्सचा हात ठिपक्या-ठिपक्यांनी द्यायचा, ताणलेल्या अवस्थेतच गरम हवेने सुकवायचा, वरून पावडर, आणि मग कातडी सोडायची. सुटलेली कातडी आकसते आणि सुरकुत्या पडतात. यात बिघडते ते तोंडाभोवती आणि डोळ्यांखाली. दिव्यांच्या उष्णतेने घाम येतो, थराच्या कडा सुटतात, आणि सतत बोलणाऱ्या पात्राच्या ओठांच्या कोपऱ्यात चिरा दिसू लागतात. दाढी लावायची तर लोकरीच्या वेणीचे केस ओले करून सरळ करायचे, हनुवटीच्या खालून सुरुवात करून वर वर छोटे छोटे झुपके डिंकाने चिकटवत यायचे आणि शेवटी कात्रीने छाटायचे. वरून खाली लावत आलात तर थर एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि दाढी मुखवट्यासारखी दिसते.

ब्रेननला यातल्या बऱ्याच गोष्टींची गरज पडत नसे, कारण त्याचे दात नव्हते. १९३२ मध्ये चित्रीकरणातल्या अपघातात ते गेले आणि तो कवळी वापरू लागला. कवळी काढली की ओठ आत जातात, गाल बसतात, नाक आणि हनुवटी जवळ येतात. चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्साच बदलतो आणि क्लोजअपमध्ये कुठेही कड दिसत नाही, कारण चिकटवलेले काहीच नसते.

भाषावेडी
आणि उच्चार! आपल्या वर्णमालेनेच सांगते. प-फ-ब-भ-म हे ओष्ठ्य, त्यांना दात लागत नाहीत, ते शाबूत राहतात. त-थ-द-ध दंत्य, म्हणजे जीभ वरच्या दातांना टेकते. दात नसले की ती हिरडीला टेकते आणि आवाज मऊ पडतो. इंग्रजीतल्या फ आणि व या ध्वनींना वरचे दात खालच्या ओठावर लागतात, ते दोन ओठांतून फुंकल्यासारखे येतात. 'स'ला हवा दातांच्या कडेवर आपटावी लागते, तिथे नुसती फुसफुस उरते.

'रेड रिव्हर'मध्ये ग्रूटच्या तोंडात कवळी आहे की नाही हे डोळे मिटूनही कळते. तिथे कवळी हा कथेचाच भाग आहे. ग्रूट पत्त्यांच्या डावात ती क्वो नावाच्या रेड इंडियन सोबत्याकडे हरतो (ते काम चीफ योलाची यांचे), आणि मग ती फक्त जेवणापुरती परत मिळते. त्यामुळे एकाच पात्राची दोन उच्चारपद्धती त्याला शेवटपर्यंत सांभाळाव्या लागतात. शिवाय 'स' पिचला तरी वाक्य पडत नाही, कारण वाक्यातला महत्त्वाचा शब्द तो सावकाश टाकतो आणि बाकीचे घाईने उरकतो. बोळक्या तोंडाची नक्कल करणारे नट नेमके उलटे करतात: सगळे शब्द सारखेच चावतात, आणि मग काहीच कळत नाही.

मधुमालती
धाग्याच्या शीर्षकाची गोष्ट कुणीतरी सांगा ना.

जुना_प्रोजेक्टर
सांगतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स 'बार्बरी कोस्ट'साठी (१९३५) माणूस शोधत होता. ब्रेननला समोर आणले. हॉक्सने संवाद वाचायला सांगितल्यावर ब्रेननने विचारले, "लावून की काढून?" हॉक्स म्हणाला, "काय लावून?" "दात!" हॉक्स हसत सुटला आणि काम मिळाले. थोड्या दिवसांचे काम होते, ते वाढत गेले. ही गोष्ट हॉक्स स्वतः पुढे अनेकदा सांगत असे.

पण तो प्रश्न मला विनोदापेक्षा कारागिराचा वाटतो. सुतार जसा विचारेल की रंधा मारून हवे की तसेच, तसा.

खडूस_प्रेक्षक
कारागिरी मान्य, पण तीन ऑस्करमागे एक हिशेब आहे तोही सांगायला हवा. त्या वर्षांत अंतिम मतदानात एक्स्ट्रा कलाकारांनाही मत होते, आणि त्यांची संख्या मोठी होती. ब्रेनन १९२५ च्या सुमारास एक्स्ट्रा म्हणूनच आत आलेला माणूस. गर्दीत उभ्या राहणाऱ्यांना तो आपला वाटायचा. पुढे एक्स्ट्रांचा तो हक्क काढून घेतला गेला. तेव्हा 'तीन' या आकड्यावरून थोरवी मोजू नये.

गारवा
हा मुद्दा नेहमी निघतो, आणि नेहमी अर्धाच सांगितला जातो. १९४१ मध्ये 'सार्जंट यॉर्क'साठी तो पुन्हा शर्यतीत होता, एक्स्ट्रांचे मत तेव्हाही होते, तरी 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'साठी डोनाल्ड क्रिस्प जिंकला. एकगठ्ठा मतांनीच सगळे ठरत असते तर चौथेही आले असते.

शिवाय पहिले पाहा. १९३६ हे सहाय्यक अभिनयाला पारितोषिक देण्याचे पहिलेच वर्ष. अभिनेत्यांत ब्रेनन, अभिनेत्रींत 'अँथनी अ‍ॅडव्हर्स'साठी गेल सोंडरगार्ड. आणि तेव्हा सहाय्यक कलाकारांना सोनेरी पुतळा मिळतच नसे, पाटी मिळे, तिच्यावर पुतळ्याची छोटी प्रतिकृती. पूर्ण पुतळा १९४४ च्या सोहळ्यापासून सुरू झाला. म्हणजे ब्रेननची तिन्ही पारितोषिके पाट्याच होत्या.

मधुमालती
हे अजिबात ठाऊक नव्हते! तीन वेळा जिंकून पुतळा एकदाही नाही.

खडूस_प्रेक्षक
गारवा, १९४१ चा मुद्दा बिनतोड आहे. माझे वाक्य असे दुरुस्त करतो: एक्स्ट्रांच्या मतांनी मदत केली, पण तेवढ्याने काम झाले नसते.

उत्तररात्र
एक्स्ट्राच्या दिवसांबद्दल. हा माणूस आला कुठून हे पाहिले तर गंमत वाटते. वेस्टर्न चित्रपटांचा जणू सातबारा ज्याच्या नावावर, तो ब्रेनन पूर्व किनाऱ्यावरच्या, जोडे बनवणाऱ्या कारखान्यांच्या गावातला, आयरिश वंशाचा. शिक्षण केंब्रिजच्या (मॅसॅच्युसेट्समधल्या) रिंज तांत्रिक शाळेत, इंजिनियरिंगचे. पहिल्या महायुद्धात १०१ व्या फील्ड आर्टिलरीबरोबर फ्रान्समध्ये. नंतर ग्वाटेमालात अननसाची शेती, मग लॉस एंजेलिसमध्ये जमिनीचे व्यवहार, त्यात बुडाला, आणि पोटासाठी स्टुडिओच्या दारात.

'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये (१९३३) ज्याची सायकल पळवली जाते तो गावकरी ब्रेनन आहे. थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या 'वूमन हेटर्स'मध्ये (१९३४) रेल्वेचा कंडक्टर तोच. 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन'मध्येही (१९३५) गावकऱ्यांत आहे. डोळ्याचे पाते लवेपर्यंत निघून जातो, म्हणून सांगून ठेवले.

नांगरट
एक भाषिक शंका. ब्रेननसारख्या नटाला, इंग्रजीत 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' म्हणतात त्याला, मराठीत 'चरित्र अभिनेता' म्हणायचे ना? चरित्र म्हणजे जीवनकथा, त्यामुळे चरित्रपटात काम करणारा असे वाटते.

भाषावेडी
शब्द हिंदीच्या वाटेने आला आणि रुळला. 'सहाय्यक नट' म्हटले तर ते कामाचे स्थान झाले, प्रकार नव्हे. त्याऐवजी 'स्वभावनट' असा शब्द वापरावा असे मला वाटते, पण रुळलेल्या शब्दाशी भांडत नाही.

जुना_प्रोजेक्टर
रात्री म्हटले होते, आता लिहितो.

तिसरी_रांग, क्लॅंटनच्या पहिल्या प्रसंगात हेन्री फोंडाच्या वायट अर्पकडून तो गुरे विकत मागतो. बोलणे गोड आहे, पण मान हलत नाही. ग्रूट आणि स्टंपी यांची मान कोंबडीसारखी सतत चालू असते, हातवारे असतात, डोळे मिचकावणे असते. क्लॅंटनमधून ब्रेननने हे सगळे काढून टाकले. पुढे त्याच्या मुलांनी अर्पवर बंदूक काढली पण चालवली नाही, तेव्हा तो चाबकाने पोरांना बडवतो आणि बजावतो की बंदूक काढलीत तर माणूस मारायचा. आवाज चढत नाही. लंगडणे नाही. बोबडेपणा नाही. विनोदाचा एक कणही नाही. नट तोच, शरीर तेच, वयही 'रेड रिव्हर'च्याच वर्षाचे! दोन्ही चित्रपट १९४६ मध्ये चित्रित झाले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच वर्षात आहे.

'क्लेमेंटाईन'चा दिग्दर्शक जॉन फोर्ड याच्याबरोबर ब्रेननने यानंतर पुन्हा काम केले नाही. 'हाऊ द वेस्ट वॉज वन'मध्ये (१९६२) दोघांची नावे आहेत, पण ब्रेननचा भाग हेन्री हॅथवेने केलेला, फोर्डचा भाग वेगळा.

रंगपेटी
यात भर. 'सार्जंट यॉर्क'चा पाद्री पाइल पाहा. दाट काळ्या भुवया आणि ताठ पाठ. भुवया जाड आणि गडद केल्या की कपाळ खाली आल्यासारखे वाटते आणि नजरेला वजन येते. पांढऱ्या विरळ भुवयांनी चेहरा उघडा, भोळा वाटतो. दात आणि भुवया या दोनच जागा बदलून त्याने दोन टोकांची माणसे केली आहेत.

तिसरी_रांग
क्लॅंटन मान्य. पण तो अपवाद असेल तर? एका उदाहरणाने नियम मोडत नाही. आणि लंगडण्याचे काय? ते तर सगळीकडे आहे.

उत्तररात्र
अपवाद एक नाही. फ्रिट्झ लांगच्या 'हँगमेन ऑल्सो डाय'मध्ये (१९४३) तो प्रागमधला प्राध्यापक नोव्होटनी आहे, नाझींच्या ताब्यातला ओलीस. मुलासाठी शेवटचा निरोप मुलीला तोंडपाठ करायला सांगतो तो प्रसंग पाहा. शांत, सुशिक्षित आवाज, एकही लकब नाही. ज्याँ रेन्वारच्या पहिल्या अमेरिकन चित्रपटात, 'स्वॉम्प वॉटर'मध्ये (१९४१), जॉर्जियाच्या ओकेफेनोकी दलदलीत लपलेला फरारी टॉम कीफर. तिथे तो जनावरासारखा वावरतो, शब्द मोजून टाकतो. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक'मध्ये (१९५५) डॉक्टर, ज्याला गावाचे पाप ठाऊक आहे आणि लाजही वाटते. आणि 'मीट जॉन डो'मधला (१९४१) भटक्या 'कर्नल', ज्याच्या मते पैसा हातात आला की माणूस विकला गेला.

खडूस_प्रेक्षक
लंगडण्याबद्दल मी सांगतो, कारण तिथे तो खरोखर शिकण्यासारखा आहे.

पडद्यावरचे लंगडणे तीन ठिकाणी फसते. एक, पाय बदलतो. चित्रपट क्रमाने चित्रित होत नाही. आज शेवटचा प्रसंग, पंधरा दिवसांनी पहिला, आणि नट विसरतो की उजवा की डावा. म्हणून जुने नट बुटात खडा ठेवत, म्हणजे पाय स्वतःच आठवण करून देई. दोन, दुखणे नेमके कुठे हे ठरवलेले नसते. घोट्याचे दुखणे असेल तर पाऊल चटकन उचलले जाते, गुडघ्याचे असेल तर पाय ताठ राहून बाजूने फिरतो, कंबरेचे असेल तर सगळे धडच त्या बाजूला कलते. तीन, घाईत लंगडणे सुटते.

आता 'टू हॅव अँड हॅव नॉट'चा (१९४४) एडी पाहा. त्याची चाल लंगडी नाहीच, ती दारुड्याची आहे. अंगाला झटके, पाय आपले आपण पुढे पळतात. मेलेली मधमाशी कधी चावली का, हे जो भेटेल त्याला विचारतो तो हा. शेवटच्या दृश्यात नायक-नायिका बोगार्ट-बकॉल यांच्या मागून सामान घेऊन जातो ती चाल डोळ्यांसमोर आणा. स्टंपीचे उलट: पाय खरोखर अधू, आणि त्यामुळेच शेरिफने त्याला तुरुंगाच्या आत बसवले आहे. त्याचे सगळे कुरकुरणे त्या बसून राहण्यातून येते. हाक न देता दार उघडेल त्याला गोळी घालणार, हा त्याचा नियम. डीन मार्टिनचा ड्यूड दाढी करून, स्वच्छ कपडे घालून येतो तेव्हा न ओळखता त्याच्यावरच गोळी झाडतो! आजोबा मॅककॉयचे लंगडणे तिसरेच, हात झोके देत निघणारे, कारण आठवड्याच्या टीव्ही मालिकेत छोट्या पडद्यावर माणूस पाठमोराही ओळखू यायला हवा.

तिघांना 'लंगडा म्हातारा' म्हणणे म्हणजे तिन्ही औषधांना 'कडू' म्हणण्यासारखे आहे.

मधुमालती
हे वाक्य आवडले. 'द रिअल मॅककॉय्ज' किती चालली?

गारवा
१९५७ ते १९६३, एकूण २२४ भाग. आधी एबीसीवर, शेवटचे वर्ष सीबीएसवर. वेस्ट व्हर्जिनियातले कुटुंब कॅलिफोर्नियाच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात शेती करायला येते. नातू ल्यूक म्हणजे रिचर्ड क्रेना. याच लाटेवर १९६२ मध्ये 'ओल्ड रिव्हर्स' ही तबकडी आली. ब्रेनन गात नाही, बोलतो. म्हातारा शेतकरी आणि त्याचे खेचर. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली, तेव्हा त्याचे वय ६७.

नांगरट
पण मग एवढा वेगळेपणा असूनही लोकांच्या डोक्यात एकच म्हातारा का राहिला?

जुना_प्रोजेक्टर
स्टुडिओ-व्यवस्थेमुळे. १९३५ मध्ये निर्माता सॅम्युअल गोल्डविनने त्याला कराराने बांधले. गोल्डविन वर्षाला मोजकेच चित्रपट काढी, त्यामुळे बांधलेला नट रिकामा बसू नये म्हणून दुसऱ्या स्टुडिओला उसना दिला जाई. घेणारा स्टुडिओ जास्त रक्कम मोजे, नटाला करारातला पगारच मिळे, मधला फरक मालकाचा. ब्रेननचे 'केंटकी' फॉक्सचे, 'सार्जंट यॉर्क' वॉर्नरचे, 'नॉर्थवेस्ट पॅसेज' एमजीएमचे. आता उसना घेणारा काय मागेल? सिद्ध झालेली वस्तू. "तो म्हातारा पाठवा." 'केंटकी'च्या यशाने ही मागणी पक्की केली. टीव्हीने तिच्यावर शिक्का मारला.

उत्तररात्र
त्याच्या राजकारणाचाही उल्लेख व्हायला हवा. तो कट्टर उजवा होता. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९६४ मध्ये उमेदवार गोल्डवॉटरचा समर्थक, १९७२ मध्ये जॉन श्मिट्झचा. नागरी हक्क चळवळीमागे कम्युनिस्ट आहेत असे तो मानत असे. हे मला खुपते, आणि त्याच्या मायाळू म्हाताऱ्यांकडे पाहताना विसरता येत नाही. अभिनयाची मोजणी मी वेगळी करतो, पण हे झाकून ठेवू नये.

भाषावेडी
उत्तररात्र, नोंद केलीत ते योग्य झाले.

'रेड रिव्हर' पाहणाऱ्यांना एक सूचना. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. १३३ मिनिटांच्या आवृत्तीत मधले दुवे हस्तलिखित वहीच्या पानांतून येतात, १२७ मिनिटांच्या आवृत्तीत ग्रूटच्या, म्हणजे ब्रेननच्या, निवेदनातून. हॉक्सला दुसरी आवडे. पहिली घेतलीत तर पाने वाचत बसावे लागते आणि कथा थांबते. दुसऱ्या आवृत्तीत त्याचा आवाज सगळी वाट जोडतो. ब्रेननसाठी पाहत असाल तर १२७ मिनिटांचीच शोधा.

तिसरी_रांग
सगळ्यांचे प्रतिसाद वाचून 'रेड रिव्हर' आणि 'क्लेमेंटाईन' पाठोपाठ पाहिले. माझे मूळ मत मागे घेतो. ग्रूट बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे सतत पाहतो, त्याला उत्तर हवे असते. क्लॅंटन बोलून झाल्यावर नजर काढत नाही, त्याला उत्तर नकोच असते. हा फरक दातांचा नाही, भुवयांचाही नाही.

आता 'द वेस्टर्नर' राहिला. त्यातला न्यायाधीश रॉय बीन मायाळू की दुष्ट?

जुना_प्रोजेक्टर
दोन्ही, आणि एकाच श्वासात. माणसे फासावर चढवतो आणि नटी लिली लँगट्रीच्या केसांच्या बटेसाठी पोरासारखा हळवा होतो. गॅरी कूपर ती बट आपल्याकडे असल्याची थाप मारून जीव वाचवतो. शेवटी बीन कॉन्फेडरेट गणवेश चढवून तिचा प्रयोग पाहायला रिकाम्या नाट्यगृहात बसतो. खरा रॉय बीन १९०३ मध्ये टेक्सासमध्ये अंथरुणात वारला. चित्रपटाने शेवट बदलला आहे, तो सांगत नाही.

गारवा
आणि 'क्लेमेंटाईन' ताजा असतानाच 'सपोर्ट युअर लोकल शेरिफ' (१९६९) पाहा. ७५ व्या वर्षाकडे झुकलेल्या ब्रेननने त्यात क्लॅंटनचेच विनोदी रूप केले आहे, पा डॅनबी. जेम्स गार्नर त्याच्या रोखलेल्या बंदुकीच्या नळीत बोट घालतो तिथे थांबून ब्रेननचा चेहरा पाहा. आधी राग, मग ते बोट, मग पुन्हा गार्नर.